सात आणि आठच्या मध्ये

दुसऱ्याला वैताग आणण्याची कला ज्यांनी पूर्णत्वाला नेली अशा माणसांची यादी करायला घेतली, तर पहिल्या क्रमांकावर मी आमच्या ऑफिसातल्या हेड ड्राफ्ट्समनना बसवीन आणि पुढचे चार-पाच क्रमांक त्यांच्या मानासाठी रिकामे ठेवीन. सगळं ऑफिस त्यांना रावसार म्हणायचं. यावरून ते कोण हे कुणाला कळेल अशी भीती नाही, कारण तंजावरकडच्या मराठी घरांत राव नसलेला पुरुष शोधून काढावा लागतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत, आणि गिंडीतल्या एका सरकारी यंत्ररचना कार्यालयात मी सांगलीहून प्रोग्रॅमर म्हणून नवीन दाखल झाले होते. ऑफिसात कॉम्प्युटर होता एक आणि मराठी बोलणारी माणसं दोन. आमच्या साहेबांनी हे जमवून टाकलं. "तुम्ही दोघं मराठी, तुमचं छान जुळेल," असं म्हणून त्यांनी माझी खुर्ची रावसारांच्या ड्रॉइंग बोर्डासमोर ठेवली आणि ते निश्चिंत मनाने आपल्या केबिनमध्ये निघून गेले.

जुळण्यासाठी आधी एकमेकांचं बोलणं कळायला हवं होतं. रावसारांचे पूर्वज तिकडे जाऊन तीनशे वर्षं झाली होती आणि जाताना बरोबर नेलेली मराठी त्या घराण्याने जपून वापरली होती. ती ऐकताना एखादा दरबारी कारकून आपल्याशी तमिळ हेल काढून बोलतो आहे असं वाटायचं. "काय मा, जेवण झालें की?" हे त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य, त्यातलं मा तमिळमधलं, बायकामुलींना आपुलकीने म्हणायचं. मी म्हटलं, अजून नाही. मला वाटलं, परक्या गावातली मुलगी म्हणून डब्यातलं काहीतरी पुढे करतील. ते म्हणाले, "सरि, मग वेळ अहे. ये, हें कपाट पाहूं." आणि त्यांनी मला एक लोखंडी कपाट उघडताना आणि बंद होताना अकरा वेळा दाखवलं. डबा उघडेपर्यंत माझा दहीभात आंबून गेला होता.

कपाट दाखवण्यामागचं कारण जमिनीवर होतं. त्या कपाटाच्या दाराचा कोपरा उघडताना ज्या वाटेने जातो ती वाट रावसारांनी फरशीवर खडूने आखून ठेवली होती. नुसत्या या कपाटाची नाही, ऑफिसातल्या प्रत्येक हलणाऱ्या वस्तूची. दारं, खिडक्या, ड्रॉवर, साहेबांची गोल फिरणारी खुर्ची, सगळ्यांच्या वाटा जमिनीवर होत्या. त्या रेघेच्या आत कुणी स्टूल ठेवलं की रावसार बोर्डावरून मान न उचलता म्हणत, "तें काढा." झाडणारी बाई रोज सकाळी रेघा पुसायची आणि हे रोज साडेनऊला गुडघ्यावर बसून पुन्हा काढायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेले, तर स्वयंपाकघरातही ओट्याखाली तीच तऱ्हा. मामींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला हळूच सांगितलं की लग्नानंतर पहिले सहा महिने त्यांना ही एखादी धार्मिक रीत वाटत होती, आणि त्या भक्तिभावाने त्यावर हळदकुंकू वाहत असत.

माणसाला बसमध्येही स्वस्थता नव्हती. सैदापेटच्या वळणावर बस वळू लागली की रावसार उभे राहून कंडक्टरला तमिळमध्ये बजावायचे की मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने येत नसतं, ते आत कापतं, आता ते फुटपाथवर चढणार. कंडक्टर रोज सांगायचा, "सार, बसा." एके दिवशी चाक खरंच फुटपाथवर चढलं आणि नारळपाण्याच्या गाडीला घासून खाली उतरलं. सगळी बस ओरडत होती, आणि हे खिडकीतून मागे वाकून, "पाहिलें की? पाहिलें की?" असं मला विचारत होते. त्या दिवसानंतर मी बस बदलली. दोन दिवसांनी तेही त्याच बसमध्ये आले, कारण तिची वळणं त्यांना अजून पाहायची होती.

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर लागू द्यायचा नसतो. पण आमच्या साहेबांनी ठरवलं की दिल्लीहून येणाऱ्या समितीला यंत्राचा एक भाग पडद्यावर हलताना दाखवायचा. प्रोग्रॅम मी लिहायचा आणि यंत्र रावसारांनी सांगायचं. पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर चित्रं काढायची एक तयार लायब्ररी आली होती. बिंदू काढ, रेघ काढ, वर्तुळ काढ एवढ्या तिच्या आज्ञा. बिंदू चालवायचा तर तो एके ठिकाणी काढायचा, क्षणभर थांबायचं, त्याच जागी काळ्या रंगाने पुन्हा काढून पुसायचा आणि पुढच्या ठिकाणी नवा काढायचा. डोळ्याला वाटतं की एकच बिंदू चालतो आहे. मी दोन दिवस राबून एक बिंदू वर्तुळावर फिरवला आणि मोठ्या अभिमानाने रावसारांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, चार फेऱ्या पाहिल्या आणि विचारलं, "मागची वाट का पुसतेस?"

मी म्हटलं, पुसली नाही तर बिंदू चालल्यासारखा दिसणार नाही. "बिंदू पुढें गेला म्हणून वाट पुसायची? मग तो आला कोठून हें कोणास कळेल?" झालं. पुन्हा दोन दिवस. आता वाट राहू लागली, तर बिंदू तिच्यात हरवू लागला. बिंदू मोठा केला, तर तो जाता जाता वाट खाऊ लागला. शेवटी वाट हिरवी आणि बिंदू पांढरा, आणि पुसल्यावर खालची हिरवी रेघ परत काढायची, असं करत मी ते जमवलं. मग त्यांची नवी तक्रार, की बिंदू सगळीकडे सारख्या चालीने का जातो. पडद्यावर बोट ठेवून ते मला दाखवत, "येथें धावतो, येथें दमतो." सकाळच्या पूजेची विभूती त्या बोटाला असायची. संध्याकाळपर्यंत माझ्या पडद्यावर इतके पांढरे ठिपके जमत की खरा बिंदू कुठला ते मलाच ओळखू येईना.

मात्र इतका छळ ते समितीसाठी करत नव्हते. ते कशासाठी करत होते हे मला एका दुपारी कळलं. त्यांनी बोर्डाखालच्या पत्र्याच्या नळीतून एक पिवळं पडलेलं ड्रॉइंग काढून माझ्यासमोर पसरलं. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी आखलेलं, पुठ्ठ्याच्या खोक्यांची झाकणं दुमडणारं यंत्र. चार दांडे एकमेकांना जोडलेले. एक गोल फिरतो आणि त्याच्या ओढीने दुसऱ्या दांड्याचं टोक झाकण दुमडतं. त्या टोकाची वाट हाताने काढायची तर फिरणाऱ्या दांड्याच्या एक ते बारा अशा जागा घ्यायच्या, प्रत्येक जागेला टोक कुठे येतं ते बिंदू टाकायचे आणि बारा बिंदू हलक्या हाताने जोडायचे. सगळं जग तसंच करायचं. यंत्र बनलं, आमच्याच वर्कशॉपमध्ये उभं राहिलं आणि प्रत्येक फेरीला टक असा आवाज येऊ लागला. एकांबरम नावाचा फिटर म्हणाला, "सार, टोक मध्येच जरा मागे येतंय. ड्रॉइंगमध्ये काहीतरी आहे." रावसारांनी बारा बिंदू तपासले, बाराही अचूक. त्यांनी कागदावर लिहून दिलं की ड्रॉइंग बरोबर, जोडणी सदोष. एकांबरमला फिटिंगवरून काढून स्टोअरमध्ये नटबोल्ट द्यायला बसवलं. आणि तो गेल्यावर यंत्राचा आवाज थांबला.

"सगळे म्हणाले, पाहा, राव बरोबर होता," ते म्हणाले. "पण मी त्या यंत्रावर हात ठेवला होता मा. सात आणि आठच्या मध्यें हाताला लागलें. कांहीं तरी मागें येऊन पुढें गेलें." नंतर त्यांनी घरी बसून सात आणि आठ यांच्यामधल्या जागा कितीदा काढून पाहिल्या होत्या, पण तिथे पेन्सिलीच्या रेघेची जाडीच त्या शंकेहून जास्त होती. यंत्र मोडीत निघालं. एकांबरम स्टोअरमधूनच रिटायर झाला. रावसारही पोंगलनंतर रिटायर होणार होते. त्यांना तेवढं एकच पाहायचं होतं. आपण एका माणसाचा हात कामावरून काढला, तो चुकून काढला की नाही.

हे ऐकल्यावर कोणीही विरघळलं असतं. मीही विरघळले, पण जेमतेम एक आठवडा, कारण त्या आठवड्यात रावसार दर अर्ध्या तासाने येऊन "सात-आठ झालें की?" असं विचारत होते. मी चहाला गेले तर कॅन्टीनमध्ये, फोनवर असले तर फोनच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून. साहेबांना समितीची घाई. मशीन इतकं मंद की दांड्यांचं खरं गणित करायला लावलं तर एक बिंदू येईपर्यंत माणूस पेंगायचा. शेवटी मी एक पळवाट काढली. लायब्ररीत एक सोय होती, तिला थोडे बिंदू दिले की ती त्यांच्यामधून गुळगुळीत वक्ररेषा काढून देई. मी रावसारांचे बारा बिंदू तिला दिले आणि त्या रेषेवर बिंदू सोडून दिला. काय सुंदर चालला! समिती खूश झाली असती, साहेब खूश झाले असते, आणि रावसारांचं तोंड एकदाचं बंद झालं असतं.

मी त्यांना बोलावलं. सातपासून आठपर्यंतचा तुकडा पडदाभर मोठा करून दाखवला. बिंदू सातवरून निघाला, अलगद वळला आणि आठवर पोचला. कुठे अडला नाही, मागे आला नाही. रावसारांनी तो पाच-सहा वेळा पाहिला. मग खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "कांहीं नाहीं की मा," ते म्हणाले, "मध्यें कांहीं नाहीं." ते उठले, कॅन्टीनमध्ये गेले आणि अख्ख्या सेक्शनसाठी केसरी मागवली. अठरा वर्षांत त्यांनी कुणाला साधा बिस्किटाचा पुडा दिल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

तो तुपाने ओथंबलेला शिरा मी शेजारच्या टेबलाकडे सरकवला. मध्ये काही नव्हतं, कारण मध्ये काय आहे हे मी मशीनला विचारलंच नव्हतं. त्या सोयीने बारा बिंदूंच्या मधली वाट आपल्या मनाने भरून काढली होती. अठरा वर्षांपूर्वी रावसारांच्या हाताने जे केलं तेच तिने केलं होतं, फक्त जास्त देखणं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ठरवलं, उद्या सकाळी आल्या आल्या खरं सांगायचं आणि खरं गणित मांडून दाखवायचं.

पण दुसऱ्या दिवशी ऑफिसची आयुधपूजा होती. त्या दिवशी मद्रासेत कात्रीपासून क्रेनपर्यंत सगळ्या हत्यारांना चंदनकुंकू लागतं आणि त्यांना विश्रांती दिली जाते. मी पोचले तेव्हा कॉम्प्युटरच्या कपाळावर गंध होतं, गळ्यात झेंडूची माळ होती, समोर केळी, चुरमुरे आणि फोडलेला कोहळा, आणि रावसार नव्या धोतरात ताट घेऊन उभे. "सर, मला जरा मशीन लावायचंय," मी म्हटलं. ते दचकून म्हणाले, "आज? अय्यो, आज हत्याराला हात लावूं नये." मी म्हटलं, निदान माझी फ्लॉपी तरी द्या. त्यावर त्यांनी मोठ्या प्रेमाने केळ्यांमागून ती काढून दाखवली. "हिनेंच तर मला दाखविलें. हिची पूजा मी स्वतः केली." फ्लॉपीच्या कव्हरला जिथे खाच असते आणि आतली चकती उघडी दिसते, नेमका तिथे त्यांनी ओल्या चंदनाचा सढळ हाताने टिळा लावला होता आणि त्यावर कुंकू. दुसरी प्रत मी काढली नव्हती. मी त्यांच्यावर ओरडले. भर पूजेत, सगळ्या ऑफिससमोर. त्यांना काय चुकलं ते कळलं नाही.

सुट्ट्या संपल्यावर मी कामाला लागले. पहिल्यापासून सगळं लिहिणं भागच होतं, पण या वेळी बारा बिंदू घेतले नाहीत. चार दांड्यांच्या लांब्या घेतल्या आणि सात ते आठच्या मध्ये फिरणाऱ्या दांड्याच्या तीनशे जागा घेऊन प्रत्येक जागेचं गणित मशीनला करायला लावलं. रावसार शेजारी येऊन बसले तेव्हा मी त्यांच्याकडे न बघताच सांगून टाकलं की त्या दिवशी दाखवलं ते खरं नव्हतं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "मला ठाऊक नव्हतें. पण दोन दिवस मनांत येत होतें, बिंदू फार शहाण्यासारखा गेला. यंत्र इतकें गोड चालत नाहीं मा." मग मी कळ दाबली.

बिंदू सातवरून निघाला. एक एक ठिपका उमटत होता, दोन ठिपक्यांच्या मध्ये आम्हा दोघांचे श्वास ऐकू येत होते. निम्मी वाट गेल्यावर ठिपके एकमेकांजवळ येऊ लागले. मग बिंदू थांबल्यासारखा झाला, मागे वळला, स्वतःचीच वाट ओलांडून एक छोटासा फास घातला आणि पुढे निघून गेला. प्रत्यक्षात अर्धा मिलिमीटर. पडद्यावर विभूतीच्या ठशाएवढा. रावसारांनी बोट उचललं, पण पडद्याला लावलं नाही. "एकांबरम बरोबर होता," ते म्हणाले. त्यानंतर त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांनी मला त्रास न दिलेला तो एकच दिवस मला नको नकोसा झाला.

त्या रविवारी त्यांनी मला बरोबर चलायला सांगितलं. एकांबरम विल्लिवाक्कमला राहत होता. दारापुढच्या ओट्यावर बसून तो शेजाऱ्याच्या मिक्सरची दुरुस्ती करत होता. रावसारांना पाहून तो गडबडीने उठला आणि खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. रावसारांनी प्रिंटरवर काढलेला कागद त्याच्यापुढे धरला आणि तमिळमध्ये म्हणाले, "तू म्हणालास ते खरं होतं. टोक मागे येतं. चूक माझी होती." एकांबरमने कागद उलटसुलट करून पाहिला आणि संकोचाने हसला.

"ते तेव्हाच कळलं होतं, सार," तो म्हणाला. "स्टोअरला जायच्या आदल्या दिवशी मी टोक ज्यावर आपटायचं त्या ब्रॅकेटचा कोपरा कानशीने अर्धा मिलिमीटर घासला. टोकाला मागे यायला जागा झाली. मग आवाज बंद."

अठरा वर्षं ज्या शांततेला सगळं ऑफिस त्यांच्या बाजूचा पुरावा समजत होतं, ती या माणसाने जाता जाता करून ठेवली होती. "मग सांगितलं का नाहीस?" रावसारांनी विचारलं. एकांबरम म्हणाला, "ड्रॉइंग तुमचं होतं, सार. यंत्र माझं होतं. ते वाजत ठेवून कसं जायचं?" आणि पंचा ओट्यावर ठेवून कॉफी सांगायला तो आत गेला. परत येईपर्यंत रावसार डोळ्यांना पंचा लावून बसले होते, आणि तो पंचा एकांबरमचा होता.

समिती आली, तीन मिनिटं पडदा पाहिला, यात आणखी रंग येतात का एवढं विचारलं आणि जेवायला गेली. पोंगलनंतर रावसारांचा शेवटचा दिवस आला. हार घालून झाल्यावर त्यांनी ते पिवळं ड्रॉइंग बोर्डावर लावलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो, आखल्यानंतर काय बदललं, कुणी बदललं आणि कुणी तपासलं ते लिहायचा. अठरा वर्षं तो कोरा होता. रावसारांनी पेनात शाई भरली आणि सुरेख अक्षरांत लिहिलं, ब्रॅकेटचा कोपरा अर्धा मिलिमीटर घासला. बदल करणारा, एकांबरम, फिटर. तपासणारा, या रकान्यात त्यांनी आपली सही केली. यंत्र मोडीत जाऊन वर्षं झाली होती आणि ते ड्रॉइंग पुन्हा कुणी उघडणार नव्हतं, हे मी त्यांना सांगायला गेले नाही. शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत उभे राहिले.

पुढे काही वर्षांत ते गेले. ऑफिसातल्या फरशीवर खडूच्या रेघा उरल्या नाहीत आणि कुठलंही स्टूल कुठेही ठेवता येऊ लागलं. या स्वातंत्र्याची मी किती वाट पाहिली होती, आणि ते आल्यावर मला अजिबात करमेना. आता माझ्यासमोर रंगीत पडदा आहे, बिंदू डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हजार जागा फिरून येतो, आणि माझ्या हाताखालची मंडळी फटाफट सुंदर वळणं काढून आणतात. मी त्यांना थांबवते आणि विचारते, या दोन बिंदूंच्या मध्ये काय आहे, ते तुम्ही मोजलंत की मशीनने भरलं? ती एकमेकांकडे बघतात, सुस्कारा सोडतात आणि परत जाऊन बसतात. मी पाठ वळवली की माझ्याबद्दल काय बोलत असतील हे मला चांगलं माहीत आहे. मी रावसारांबद्दल अगदी तेच बोलत असे.